ग्रामपंचायतीतून विधानसभेकडे: वाट, अडथळे आणि प्रत्येक पदाचे खरे काम

प्रश्न: माझे वय २७ आहे. या वेळी ग्रामपंचायत सदस्य म्हणून निवडून आलो. घरात राजकारण नाही, शिक्षणसंस्था नाही, कारखाना नाही. पुढे जिल्हा परिषद आणि नंतर विधानसभा लढवण्याची इच्छा आहे. असा पायरीपायरीचा मार्ग आज उरला आहे का? कोणत्या पदावर काय शिकावे? आणि यासाठी चालू खासगी नोकरी सोडावी का?

उत्तर: मार्ग उरला आहे, मात्र तो सरळ जिन्यासारखा नाही. मी जिल्हा परिषदेत सदस्य आणि विषय समितीचा सभापती म्हणून काम केले, पुढे एका आमदारांच्या कार्यालयाचे कामकाज पाहिले आणि आता नव्याने निवडून आलेल्या सदस्यांच्या प्रशिक्षणात सहभागी असतो. या सर्व काळात एक गोष्ट मला सातत्याने दिसत आली आहे. जो सदस्य हातातल्या पदाचे काम कागदपत्रांसह शिकतो, त्याची कारकीर्द पद गेल्यावरही टिकते. जो पहिल्या दिवसापासून पुढच्या पदाच्या मागे लागतो, त्याच्याकडे पुढच्या निवडणुकीत लोकांना सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही. आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी याच निरीक्षणाच्या आधारे देत आहे.

महाराष्ट्रात ही वाट मुद्दाम बांधलेली आहे. पंचायत राज व्यवस्था सुचवणाऱ्या केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीच्या १९५७ च्या शिफारशींनंतर राज्याने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिच्या अहवालावरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. या रचनेत आमदार आणि खासदार यांना जिल्हा परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवण्यात आले. त्यामुळे जिल्ह्यात निर्णय घेणारी, अर्थसंकल्प मांडणारी आणि अधिकाऱ्यांना जाब विचारणारी कार्यकर्त्यांची एक स्वतंत्र फळी तयार होऊ शकली. राज्याला पुढे मिळालेले अनेक नेते या फळीतून आले, हे माझ्या मते त्या समितीचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी बोलले गेलेले योगदान आहे.

उदाहरणे आपल्या परिचयाची असतील. विलासराव देशमुख यांची सुरुवात १९७४ मध्ये बाभळगावच्या ग्रामपंचायतीतून झाली. ते १९८० मध्ये आमदार आणि १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. आर. आर. पाटील हे १९७९ मध्ये सांगली जिल्हा परिषदेचे सदस्य झाले आणि १९९० मध्ये तासगावमधून विधानसभेत गेले. शहरी भागात हीच वाट महापालिकेतून जाते. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूर महापालिकेत नगरसेवक आणि १९९७ मध्ये महापौर होते, तर एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाणे महापालिकेत निवडून आले आणि २००४ मध्ये आमदार झाले. अर्थात संघटनेच्या कामातून थेट विधानसभेत जाण्याचा मार्गही जुनाच आहे. शरद पवार १९६७ मध्ये बारामतीतून याच मार्गाने निवडून आले. त्यामुळे स्थानिक पद ही आमदारकीची अट नाही. परंतु घरात संस्था नाही, पैसा नाही, नातेवाइकांत कोणी नेता नाही अशा माणसाला आपले काम लोकांसमोर सिद्ध करण्याची दुसरी जागा सहसा मिळत नाही.

आता आपल्या सध्याच्या पदाकडे येतो, कारण सर्वाधिक शिकण्यासारखे इथेच आहे आणि सर्वाधिक दुर्लक्षही इथेच होते. ग्रामपंचायतीचे दप्तर नमुना १ ते ३३ मध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या नोंदवह्या व तक्त्यांत, असते. नमुना ५ म्हणजे सामान्य रोकड वही आणि नमुना ८ म्हणजे करआकारणीची नोंदवही. एवढे दोन नमुने जरी आपण स्वतः बसून वाचले, तरी गावात कोणाच्या घराची आकारणी कशी झाली आहे, वसुली कुठे थकली आहे आणि मागच्या वर्षी पैसा कशावर गेला, हे स्पष्ट होते. पूर्वीचे ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याकडे दप्तर मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र ते संशयाने मागू नये, शिकण्यासाठी मागावे. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात त्या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के वाटा पंचायत समिती व जिल्हा परिषदेला अशी विभागणी होती, आणि त्यातील मोठा हिस्सा पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बंधित होता. बंधित निधीतून सभामंडप होणार नाही, हे ज्या सदस्याला माहीत नसते तो ग्रामसभेत आश्वासन देऊन बसतो आणि वर्षभराने खोटा ठरतो.

एका कामाचा प्रवास जवळून पाहू. समजा आपल्या प्रभागातील वस्तीला रस्ता हवा आहे. बहुतेक नवे सदस्य आमदारांकडे निवेदन देतात, छायाचित्र काढतात आणि वाट पाहतात. पहिले काम वेगळे आहे. गावनकाशावर तो रस्ता आहे का, त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक मिळालेला आहे का, की ती केवळ वहिवाटीची पाणंद आहे, हे आधी पाहावे. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग हे जिल्हा परिषदेकडे असतात. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. क्रमांक नसलेल्या रस्त्याला ३०५४ किंवा ५०५४ या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातील रस्त्यांच्या खर्चाच्या क्रमांकित सदरातून, पैसा मिळवणे अवघड असते, म्हणून आधी तो रस्ता जिल्हा परिषदेमार्फत रस्ते विकास आराखड्यात घेण्याचा पाठपुरावा करावा लागतो. पाणंद असेल तर रोजगार हमीशी जोडलेल्या शेत व पाणंद रस्त्यांच्या योजनेचा विचार करावा. गावांतर्गत रस्ता असेल तर ग्रामविकास विभागाचे २५१५ हे लेखाशीर्ष आहे, ज्यातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामे होतात. त्यानंतर ग्रामसभेचा ठराव, शाखा अभियंत्याचे अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेतील नोंद, असा तो कागद फिरतो. काम अडले असेल तर तो कागद नेमका कोणत्या टेबलावर थांबला आहे हे सांगू शकणारा सदस्य पंचायत समितीत लवकर ओळखला जातो. आसपासच्या गावांचे लोकही मग त्याच्याकडे येऊ लागतात. माझ्या पाहण्यात जिल्हा परिषदेची उमेदवारी गावपातळीवर खऱ्या अर्थाने अशीच तयार होते.

याच टप्प्यावर अपात्रतेच्या तरतुदी पाठ असाव्यात, कारण चांगल्या माणसांच्या कारकिर्दी अज्ञानामुळे संपलेल्या मी पाहिल्या आहेत. निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत न देणे, ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष आर्थिक हितसंबंध असणे, शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण असणे, ठरलेल्या तारखेनंतर दोनपेक्षा अधिक अपत्ये असणे, राखीव जागेवर निवडून येऊन जातवैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न करणे, या प्रत्येक कारणावरून सदस्यत्व जाऊ शकते. अतिक्रमणाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशी भूमिका घेतली की मूळ अतिक्रमण वडिलांनी किंवा आजोबांनी केले असले, तरी त्या जागेचा वापर चालू ठेवणारा कुटुंबातील सदस्य अपात्रतेतून सुटत नाही. आपल्या घराचा ओटा, गोठा किंवा दुकानाची पायरी गावठाणाच्या सार्वजनिक जागेत आली आहे का, हे आजच मोजून घ्या. विरोधक ते मोजतीलच.

जिल्हा परिषदेचा गट हा वेगळ्या आकाराचा मतदारसंघ आहे. एका गटात पंचायत समितीचे दोन गण, म्हणजे तिचे मतदारसंघ, असतात आणि त्यात अनेक गावे येतात. त्यामुळे स्वतःच्या गावातील बहुमत तिथे पुरत नाही. आणखी एक महत्त्वाचा फरक असा की ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढली जात नाही, तर जिल्हा परिषद लढली जाते. म्हणजे इथून पक्षाचा प्रश्न सुरू होतो. पक्ष कोणता निवडावा हे मी सांगणार नाही; ते आपल्या विचारांवर ठरावे. एवढेच सांगतो की स्थानिक प्राधिकरण सदस्यांच्या पक्षांतरासाठी महाराष्ट्रात १९८६ चा स्वतंत्र अपात्रता कायदा आहे, आणि निवडून आल्यानंतर पक्षादेश झुगारून अध्यक्षपदाच्या निवडीत मतदान करण्याचे परिणाम त्यानुसार भोगावे लागतात.

या पातळीवर सर्वांत मोठी अनिश्चितता आरक्षणाची आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींत आरक्षण बंधनकारक झाले, महाराष्ट्राने २०११ मध्ये महिलांचा वाटा ५० टक्के केला आणि आरक्षण सोडतीने व आळीपाळीने बदलते. पाच वर्षे एका गटात घाम गाळावा आणि सोडतीत तो गट दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव निघावा, असे अनेकदा घडते. मी या व्यवस्थेच्या बाजूने आहे, कारण तिच्यामुळेच ज्या समाजघटकांना आणि ज्या स्त्रियांना उमेदवारी कधीच मिळाली नसती त्यांना सभागृहात बसता आले, आणि त्यांतील अनेकींनी मिळालेली संधी कर्तृत्वाने सिद्ध केली आहे. परंतु कारकिर्दीची आखणी करताना आपल्याला हे गृहीत धरावेच लागेल की गट आपल्या मालकीचा नाही. अशा वेळी पत्नीला किंवा आईला उभे करून स्वतः कारभार पाहण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यापासून मी प्रत्येक तरुण कार्यकर्त्याला परावृत्त करतो. घरातील स्त्रीला स्वतः काम करायचे असेल तर तिने जरूर उभे राहावे, आणि मग सभेत, कार्यालयात व सहीला तीच असावी. गट राखीव झाल्यास पक्षसंघटनेतील तालुका पातळीचे काम, विकास सोसायटी, बाजार समिती, किंवा शेजारच्या गटातील योग्य उमेदवारासाठी मनापासून केलेले काम, हे सर्व खुले पर्याय आहेत.

पदाशिवायचा काळ किती लांबू शकतो हे २०२२ नंतर आपण सर्वांनी पाहिले. अनेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिकांची मुदत संपली, इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांवरील वादांमुळे निवडणुका रखडल्या आणि कारभार प्रशासकांकडे गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिल्यानंतर ही कोंडी फुटू लागली. एवढी वर्षे शाळाखोल्यांच्या दुरुस्तीबद्दल, प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदांबद्दल सभागृहात विचारणारा निवडून आलेला एकही माणूस नव्हता. त्या काळात जे माजी सदस्य पद नसतानाही गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज घेऊन जात राहिले, माहिती अधिकारात कागद मिळवत राहिले, रुग्णाला जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचवत राहिले, त्यांची नावे उमेदवारीच्या चर्चेत टिकली.

निवडून आल्यावर जिल्हा परिषदेत काय शिकावे? अर्थसंकल्प वाचायला शिकावे. स्वनिधी म्हणजे जिल्हा परिषदेचे स्वतःचे उत्पन्न किती तुटपुंजे आहे आणि बाकीचा पैसा राज्याकडून कोणत्या अटींसह येतो, हे कळल्याशिवाय स्थायी समितीतील भाषणाला अर्थ नसतो. जिल्हा नियोजन समितीकडे विशेष लक्ष द्यावे. या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री आणि सदस्य सचिव जिल्हाधिकारी असतात, पण राज्यघटनेनुसार तिच्या किमान चार पंचमांश सदस्यांची निवड जिल्हा परिषद आणि नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांमधून व्हायची असते. जिल्ह्याचा पैसा प्रत्यक्षात कसा वाटला जातो हे तिथे बसल्यावर जसे समजते तसे अन्यत्र समजत नाही. शिक्षण आणि आरोग्य हे विषय घ्यावेत असा माझा आग्रह असतो. बांधकामावर सर्वांचा डोळा असतो, परंतु पटसंख्या, शिक्षकांची रिक्त पदे, लसीकरण आणि औषधांचा साठा यांवर पकड असलेला सदस्य दुर्मीळ असतो. त्याला पुढे आमदार म्हणून सभागृहात बोलायला विषय शोधावे लागत नाहीत.

विधानसभेची उमेदवारी ही मात्र केवळ कामाच्या बळावर मिळते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. मतदारसंघातील जातींचे गणित, आघाडी किंवा युतीत ती जागा कोणत्या पक्षाकडे आहे, विद्यमान आमदार कोण, पक्षाने करून घेतलेले सर्वेक्षण काय सांगते आणि उमेदवार खर्च उचलू शकतो का, या सर्वांचा विचार होतो. जागावाटपात मतदारसंघ मित्रपक्षाला गेला तर आपली तयारी एका रात्रीत निरुपयोगी ठरू शकते. कायद्याने विधानसभेसाठी किमान वय २५ वर्षे आहे आणि महाराष्ट्रात प्रत्येक उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. राज्यातील २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी आणि २५ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि हे आरक्षण गटांप्रमाणे दर निवडणुकीला फिरत नाही. ते मतदारसंघांच्या पुनर्रचनेत ठरते. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने विधानसभांत महिलांसाठी एक तृतीयांश जागांची तरतूद केली असून तिची अंमलबजावणी जनगणना व पुनर्रचना यांच्याशी जोडलेली आहे. आपण आज २७ वर्षांचे आहात. आपण ज्या काळात विधानसभा लढवाल तेव्हा मतदारसंघाची सीमा आणि आरक्षण आजचे असेलच असे नाही, म्हणून ओळख एका तालुक्याच्या एका कोपऱ्यापुरती ठेवू नका. २०२४ मध्ये राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीन लाखांहून अधिक. इतक्या लोकांना आपण व्यक्तिशः भेटू शकत नाही. प्रत्येक मतदान केंद्रावर आपल्या वतीने विश्वासाने बोलणारी माणसे असावी लागतात, आणि ती वर्षानुवर्षांच्या ऋणानुबंधांतून तयार होतात.

आमदारकी हे जिल्हा परिषद सदस्यत्वाचे मोठे रूप आहे असे समजून जे विधानसभेत जातात, ते तिथे हरवतात. स्थानिक सदस्य काम मंजूर करून आणतो. आमदाराने कायदा, धोरण आणि अर्थसंकल्प यांवर लक्ष ठेवायचे असते. मतदारांची मागणी मात्र रस्ते, बदल्या आणि रुग्णालयातील बिलांचीच राहते, आणि स्थानिक विकास निधीचे वार्षिक पाच कोटी रुपये तीन लाख मतदारांच्या अपेक्षांपुढे लगेच संपतात. हा ताण खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मतदारसंघातील अडचण सभागृहाच्या भाषेत मांडण्याचे कौशल्य. उदाहरणार्थ, एका आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही ही तक्रार आहे. जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्यांची मंजूर पदे किती, रिक्त किती, ती कधीपासून रिक्त आहेत आणि भरण्यासाठी कोणती कार्यवाही केली, असे विचारले की तोच तारांकित प्रश्न होतो आणि मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना असते, खात्याच्या पैशावर बोलायचे असेल तर कपात सूचना असते. ज्याने जिल्हा परिषदेत आरोग्य समितीची टिपणी वाचली आहे त्याला हे प्रश्न लिहिता येतात. विधिमंडळाच्या पंचायत राज समितीत किंवा लोकलेखा समितीत बसण्याची संधी मिळाली तर ती कधीही कमी लेखू नये. तिथे वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे नसतात, पण खात्याच्या सचिवांना समोर बसवून हिशेब विचारता येतो.

आर. आर. पाटील यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे तो याच कारणाने. जिल्हा परिषदेत घालवलेली वर्षे त्यांच्या मंत्रिपदाच्या कामात दिसली. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी राबवलेले संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान मोठ्या निधीवर उभे नव्हते. गावातील माणूस कशाने एकत्र येतो, ग्रामसभेत कोणाचा शब्द चालतो आणि शेजारच्या गावाशी चुरस लागली की काय होते, याची जाण त्यामागे होती.

पराभवाचाही विचार आताच करून ठेवावा. विलासराव देशमुख १९९५ मध्ये लातूरमध्ये हरले आणि चार वर्षांनी मुख्यमंत्री झाले. सांगोल्याचे गणपतराव देशमुख १९६२ पासून अकरा वेळा निवडून आले, पण १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांनाही पराभव पाहावा लागला. दोघांचेही मतदारसंघातील जाणे-येणे पराभवाने थांबले नाही. पराभवानंतरच्या पहिल्या महिन्यांत ज्यांनी आपल्यासाठी काम केले त्यांच्या घरी जाणे हे सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक काम आहे.

नोकरीबाबत माझे उत्तर स्पष्ट आहे: सोडू नका. ग्रामपंचायत सदस्याला मिळणारा बैठक भत्ता नाममात्र असतो आणि जिल्हा परिषद सदस्याच्या मानधनावरही घर चालत नाही. उत्पन्नाचे साधन नसलेला तरुण सदस्य सहा-आठ महिन्यांत एखाद्या ठेकेदाराच्या गाडीत बसू लागतो, मग त्याच्या बिलासाठी पंचायत समितीत फेऱ्या मारतो, आणि पुढे नातेवाइकाच्या नावाने स्वतःच काम घेतो. हितसंबंधाची अपात्रता इथूनच मागे लागते. ती लागली नाही तरी गावाला सर्व कळलेले असते. कंपनीशी बोलून मासिक सभा आणि ग्रामसभेच्या दिवशी रजेची सोय करून घ्या, आठवड्याचा एक ठरलेला दिवस पंचायत समितीच्या कामासाठी राखून ठेवा आणि लोकांना तो दिवस आधी सांगा. शेती किंवा एखादा व्यवसाय हळूहळू उभा करता आला तर अधिक चांगले, कारण जिल्हा परिषदेच्या गटात फिरायचे झाल्यास वेळेची मोकळीक लागेल. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालापासून ३० दिवसांच्या आत द्यावा लागतो. आपण या वेळी निवडून आला आहात, तेव्हा तो दिला आहे का आणि त्याची पोच आपल्याजवळ आहे का, एवढे या आठवड्यात तहसील कार्यालयात जाऊन पाहून घ्या.